आजोबांचा धोटा, लेसर आणि सूक्ष्मदर्शक: लाकडाच्या पेशी न चिरडता बघायच्या कशा?

धोटेवाला (शनिवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर आजोबांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन, सापडला. आजोबा सोलापुरातल्या एका कापडगिरणीत मागावर होते. धोट्याचं एक टोक फुटलंय, त्यावरची पोलादी टोपी कधीच गळून पडली, पण बाकीचं लाकूड हाताला अजून शंखासारखं गुळगुळीत लागतं. घरात कुणी शिसम म्हणतं, कुणी बाभूळ म्हणतं, आणि आत्या ठामपणे सांगते की "ते विलायती लाकूड आहे, तुझे आजोबा सांगायचे." मला ते एकदा नक्की करायचंय.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. सूक्ष्मदर्शक हाताशी आहे, मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढणारं यंत्र, नाही. फुटलेल्या टोकाची साखरेच्या दाण्याएवढी कपची काढून नव्या ब्लेडने तासली आणि वरून उजेड टाकून बघितली. सगळ्या पेशी लाटल्यासारख्या चपट्या! वाहिन्यांची, म्हणजे लाकडातून पाणी नेणाऱ्या नळ्यांची, तोंडं भुश्श्याने बुजलेली. मग अक्कलकोट रोडला स्मृतिचिन्हं कोरून देणारं एक लेसरचं दुकान आहे, तिथे नेलं. वाटलं, प्रकाशानेच कापायचं तर दाब पडणार नाही, म्हणजे पेशी चिरडणार नाहीत. कपची परत आली ती कोळसा होऊन.

पण लेसरने लाकडाचा पृष्ठभाग उघडा करून पेशी अगदी अखंड दाखवतात, असे फोटो मी नक्की बघितले आहेत. मग माझं चुकलं कुठे? आणि सोलापुरात किंवा जवळपास हे जमण्यासारखं आहे का?

शेंगाचटणी (शनिवार, रात्री १०:३०)

वाचतोय. धोट्याचा फोटो टाका की सर.

किरण_कोरीव (शनिवार, रात्री ११:०५)

सर, तुम्ही गेलात ते दुकान माझं नाही, पण माझंही तसलंच यंत्र आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडे असतो तो कार्बन डायऑक्साइड लेसर. एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक, चामडं सगळं त्यावरच. लाकूड त्यात कापलं जातं म्हणजे खरं तर जाळलंच जातं, फक्त रेघ बारीक असते. पॉवर कमी केली, वेग वाढवला, हवेचा झोत मोठा ठेवला तर काळ्याचं तपकिरी होतं, पांढरं राहत नाही. लग्नाच्या पाट्यांची कड आम्ही शेवटी पॉलिश पेपरने घासतो ती उगाच नाही. दुकानदाराची चूक नाही यात.

आणि एक, कुणीही वाचत असेल तर: रेक्झिन किंवा पीव्हीसी असलं काही या यंत्रात घालायला देऊ नका. क्लोरीनचा विषारी धूर निघतो, माणसालाही वाईट आणि यंत्रालाही.

धोटेवाला (शनिवार, रात्री ११:२०)

नाही नाही, त्या दादांची काहीच चूक नाही. त्यांनी पैसेसुद्धा घेतले नाहीत. मीच "लेसर" म्हणजे एकच वस्तू समजून गेलो होतो.

लहरलांबी (रविवार, सकाळी ७:४८)

धोटेवाला सर, मेख नेमकी इथेच आहे. लेसर कुठला, म्हणजे त्याची तरंगलांबी किती आणि ठोका किती वेळाचा, यावर सगळं ठरतं. रविवार आहे, चहा झालाय, म्हणून सविस्तर लिहितो.

सोपा हिशेब: १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळते. दुकानातला कार्बन डायऑक्साइड लेसर १०,६०० नॅनोमीटरचा. भागाकार आला ०.१२. लाकडातले कार्बन-कार्बन किंवा कार्बन-ऑक्सिजन बंध तोडायला साधारण साडेतीन-पावणेचार इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. म्हणजे या लेसरचा एक कण बंध तोडूच शकत नाही, तो रेणू नुसता हलवतो. हलणं म्हणजे उष्णता. लाकूड तापतं, दोन-तीनशे अंशांच्या पुढे त्याचं विघटन सुरू होतं आणि उरतो कोळसा.

आता अतिनील एक्सायमर लेसर घ्या. झेनॉन क्लोराइडचा ३०८ नॅनोमीटरचा, ऊर्जा ४. क्रिप्टॉन फ्लोराइडचा २४८ चा, ऊर्जा ५. आर्गॉन फ्लोराइडचा १९३ चा, ऊर्जा ६.४. इथे एकेक कण थेट बंध तोडण्याच्या ऐपतीचा आहे. शिवाय लाकडातलं लिग्निन, म्हणजे पेशींना जोडणारं द्रव्य, २८० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश जोरात शोषतं, त्यामुळे प्रकाश खोल शिरत नाही. वरचा पातळ थर वायू आणि बारीक कण होऊन उडून जातो, खालच्याला फारसं कळतही नाही.

वेळेचाही भाग आहे. लाकडात उष्णता हळू सरकते. दुकानातला किरण एका ठिकाणी साधारण १ मिलिसेकंद थांबला असं धरा. तेवढ्या वेळात उष्णता २५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोचते, म्हणजे जवळपास एक अख्खा तंतू. एक्सायमरचा ठोका २० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात ती मायक्रॉनच्या दहाव्या भागापर्यंतच जाते. पेशीभित्तीच त्याहून कितीतरी जाड असते. तुमचा कोळसा आणि तुम्ही पाहिलेले अखंड पेशींचे फोटो यांच्यातलं अंतर हे इतकं आहे.

शेंगाचटणी (रविवार, सकाळी ८:०१)

इतकं स्पष्ट बारावीत कुणी सांगितलं असतं तर मी आज आडतीवर नसतो राव. धन्यवाद.

काष्ठपेशी (रविवार, सकाळी ९:३३)

मी निवृत्त आहे, चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. लेसरचं कौतुक जरूर करा, पण धोटेवाला, तुमची कपची चिरडली ती ब्लेडमुळे नव्हे, कोरडेपणामुळे. कोरडं कठीण लाकूड तासायचंच नसतं. आधी ते मऊ करायचं.

कृती सांगतो. एक घन सेंटिमीटर मिळाला तर उत्तम, नाही तर हरभऱ्याएवढा तुकडाही चालेल. पाण्यात उकळायचा. सुरुवातीला तो तरंगतो, कारण पेशींत हवा असते. मधूनमधून उतरवून गार पाण्यात टाकायचा, परत उकळायचा. तुकडा आपणहून तळाला बसला की पाणी आतवर शिरलं. मग ग्लिसरीन आणि अल्कोहोल समप्रमाणात घेऊन त्यात बुडवून ठेवायचा. फार कठीण लाकूड असेल तर आठवडे लागतात, घाई करू नये. मग दुधारी दाढीच्या ब्लेडनेसुद्धा काप निघतात. ब्लेड तिरकं धरून ओढायचं, दाबायचं नाही. दर चार-पाच कापांना ब्लेडची जागा बदलायची. काप सॅफ्रानिनमध्ये रंगवला की लिग्निन असलेल्या भिंती लाल होतात, आणि मग जे दिसतं ते बघून माणूस जेवायला उठत नाही.

सरकत्या मायक्रोटोमवर १५ ते २० मायक्रॉनचा काप निघतो. तुमच्या कॉलेजात नसेल तर विद्यापीठात विचारा. शिकवणारा माणूस दारात आला की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आणि तीन छेद घ्या: आडवा, अरीय (उभा, गाभ्याकडून सालीकडे), स्पर्शीय (उभा, वलयांना स्पर्शून). नुसत्या आडव्या छेदावरून लाकूड ओळखणं म्हणजे नुसत्या कपाळावरून माणूस ओळखणं.

धोटेवाला (रविवार, सकाळी १०:१५)

सर, फार मोलाचं लिहिलंत. पण माझी अडचण अशी की हरभऱ्याएवढा तुकडासुद्धा धोट्यातून काढायला मन होत नाही. फुटलेल्या टोकाशी काढता येईल तेवढं काढून झालंय. आता धोटा न दुखावता, त्याच्या अंगावरच गव्हाच्या दाण्याएवढी जागा साफ उघडी करता आली तर हवी आहे. म्हणून लेसरची आस.

काष्ठपेशी (रविवार, सकाळी १०:२२)

मग मुद्दा वेगळा. मान्य.

चष्मेबद्दूर (रविवार, दुपारी १२:४०)

लहरलांबी यांनी १९३ नॅनोमीटर लिहिलंय ते वाचून उडालेच! मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. चष्म्याचा नंबर घालवायला जो लेसर वापरतात, तो हाच, आर्गॉन फ्लोराइडचा. एका ठोक्याला बुबुळावरचा पाव मायक्रॉनच्या आसपास थर जातो आणि शेजारची पेशी भाजत नाही.

याचा शोध कसा लागला तेही ऐका. रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे रसायनशास्त्रज्ञ, मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले, आयबीएमच्या प्रयोगशाळेत प्लास्टिकवर एक्सायमर लेसर मारून बघत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं हाड-कूर्चा त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर लेसर मारला. चीर इतकी स्वच्छ पडली की कडेला जळल्याची खूणच नाही. त्यावरून त्यांना आणि त्यांचे सहकारी जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम यांना सुचलं की शस्त्रक्रियेत हे वापरता येईल. २०१३ साली ओबामांच्या हस्ते तिघांच्या या कामाला अमेरिकेचं राष्ट्रीय पदक दिलं गेलं.

पूर्वभाग (रविवार, दुपारी १२:५५)

म्हणजे आता धोट्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं? नंबर किती म्हणे?

चष्मेबद्दूर (रविवार, दुपारी १:०२)

हाहा. नाही हो, ते यंत्र माणसांसाठी निर्जंतुक ठेवलेलं असतं. लाकडाचा एक कण जरी आत उडाला तरी पुढच्या पेशंटला धोका. कुणी विचारायलाही जाऊ नका, प्लीज. मी फक्त नातं सांगितलं.

पातळथर (रविवार, संध्याकाळी ६:१०)

धाग्याचं शीर्षक बघून लॉगिन केलं. मूळचा सोलापूरचा, पुण्यात पदार्थविज्ञानात पीएचडी केली. आमच्या प्रयोगशाळेत २४८ नॅनोमीटरचा क्रिप्टॉन फ्लोराइड लेसर होता. तो लाकडासाठी नव्हता, ऑक्साइडचे पातळ थर बसवायला होता. पण १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये लाकडाचे नमुने असेच अतिनील लेसरने तयार करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले होते, ते वाचनात आलं आणि मार्गदर्शकांना विचारून मी सागाच्या फळकुटावर करून बघितलं.

काय केलं ते लिहितो. थरांच्या निर्वात पेटीत लाकूड घातलं नाही, ती घाण झाली असती. बाहेर, उघड्या हवेत, धूर ओढणाऱ्या नळीसमोर तुकडा ठेवला. ऊर्जा दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ ज्यूल, सेकंदाला १० ठोके. टक्टक् आवाज येतो आणि लाकडाच्या अंगावरून निळसर पिसारा उठतो. पहिले १०-१५ ठोके काही बदललं असं वाटत नाही. शंभरेक ठोक्यांनंतर तुकड्यावर एक फिकट चौकोन उमटला. फिकट, काळा नाही! तो सेमखाली, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. चौकोनाबाहेर ब्लेडने लोळवलेल्या भिंती, आणि चौकोनाच्या आत सागाच्या मोठ्या वाहिन्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उघड्या. सीमारेषेवर दोन्ही शेजारी शेजारी. तो फोटो मी प्रबंधात घातला नाही, पण आजही माझ्या टेबलासमोर आहे.

यातून मला जे उमगलं ते धोटेवाला सरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं वाटतं. लेसरने लाकूड कापायचं नाही. आधी धारदार ब्लेडने, जमेल तेवढं सपाट तासायचं. त्या तासण्यात वरचे एक-दोन पेशींचे थर चिरडतात, तेवढीच साल लेसरने उडवायची. एका ठोक्याला मायक्रॉनचा अंशच जातो, त्यामुळे कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहतं. तुम्ही दुकानात कापून आणलंत, म्हणजे लेसरला सुरीचं काम दिलंत. त्याला सुरीनंतरचं काम द्यायला हवं.

लहरलांबी (रविवार, संध्याकाळी ६:३०)

वा! "सुरीनंतरचं काम" हे फार नेमकं. सागात सिलिका असते, तिने काही बिघडलं का? २४८ ला शुद्ध सिलिका पारदर्शक, तिचा कण उडणार नाही असं वाटतं.

पातळथर (रविवार, संध्याकाळी ६:५२)

बरोबर ओळखलंत. काही ठिकाणी बारीक सुळके उभे राहिले होते. न उडणारा कण वर टोपीसारखा बसतो आणि त्याच्या सावलीतलं लाकूड तसंच राहतं. प्लास्टिकवरही असे सुळके दिसतात. पहिल्यांदा मला ते लाकडाचंच काही वैशिष्ट्य वाटलं होतं! म्हणून लेसरचा नमुना बघताना शेजारी साध्या पद्धतीचा काप हवाच.

काष्ठपेशी (रविवार, रात्री ८:१५)

हेच मी लिहिणार होतो. आणखी एक, ज्याच्याकडे तरुण मंडळी दुर्लक्ष करतात. लेसरने मिळतो तो पृष्ठभाग. काप मिळत नाही. सेमखाली किंवा वरून उजेड टाकून बघायला पृष्ठभाग पुरतो. पण खालून उजेड येणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाला पातळ, आरपार दिसणारा कापच लागतो. वाहिनीच्या दोन घटकांमधली चाळणी एकेरी छिद्राची आहे की शिडीसारखी, हे तर अरीय छेदाच्या पातळ कापातच नीट कळतं. त्यामुळे कितीही लेसर आले तरी ग्लिसरीनची बाटली फेकू नका.

आणि काप घेण्याइतका तुकडा नसेल तर कपची विरघळवता येते. ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात, ६० अंशाला दोन दिवस. पेशींना जोडणारं लिग्निन जातं आणि पेशी सुट्ट्या होतात. साखरेच्या दाण्याएवढी कपचीही पुरते. वाहिनीचे घटक सुटे तरंगताना दिसतात आणि त्यांची टोकं एकेरी छिद्राची की शिडीची ते स्पष्ट कळतं. हातमोजे, चष्मा, आणि झाकण घट्ट लावायचं नाही, वायू सुटतो.

पूर्वभाग (रविवार, रात्री ९:०५)

मला लेसरमधलं काही कळत नाही, पण धोट्यातलं कळतं. आमचं घर पद्मशाली विणकरांचं, सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, मागाला आम्ही मग्गमच म्हणतो. आजोबांचा खड्डा माग होता, वडिलांचे चार यंत्रमाग, आता माझ्याकडे टॉवेलचे. लहानपणी शाळेतून आलं की आधी कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या नळ्या, भरायच्या आणि मगच खेळायचं. आई चाक फिरवायची, आम्ही पोरं कांडी बदलायचो.

गिरणीचा धोटा आणि हातमागाचा धोटा यात जमीन-अस्मानाचा फरक, सर. यंत्रावर धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि दोन्हीकडे आपटतो. लाकडाला कूस निघाली, म्हणजे एक तंतू जरी वर आला, तर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे पटापट तुटतात. म्हणून लाकूड असं लागतं की जे घासून घासून आणखी गुळगुळीत होईल. वडील म्हणायचे, चांगला धोटा लोण्यासारखा झिजतो, चिरफाळत नाही. सरांनी शंखासारखा लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. तो गिरणीचाच.

बाभूळ नसणार. बाभळीचे दांडे, चाकं, औतं. धोटा नाही.

सुतारपक्षी (रविवार, रात्री ९:४०)

शिसम का नाही? जड असतं, कठीण असतं. आमच्याकडे पूर्वी कांड्या-बॉबिन हेदूच्या व्हायच्या, पिवळट, कातायला एकदम सरळ लाकूड. धोट्याला शिसम वापरला असू शकेल.

काष्ठपेशी (रविवार, रात्री १०:३५)

पूर्वभाग यांनी वर्णन केलं तेच लाकडाच्या भाषेत सांगतो. धोट्याला हवी बारीक आणि सारखी घडण, म्हणजे लहान वाहिन्या, जाड भिंतींचे तंतू. जगभरच्या कापडगिरण्यांत याला दोन अमेरिकी लाकडं नावाजलेली होती. एक डॉगवुड, कॉर्नस प्रजातीतलं. दुसरं पर्सिमन, म्हणजे डायोस्पायरॉस व्हर्जिनियाना. हे दुसरं आपल्या टेंभुर्णीचं सख्खं भावंड. बिडीची पानं देणारी टेंभुर्णी म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. टेंभुर्णीच्या लाकडाचेही धोटे आपल्याकडे झाले आहेत. तेव्हा आत्या म्हणतात ते "विलायती" अगदीच उडवून लावू नका.

आता काय बघायचं. डॉगवुडमध्ये वाहिनीची चाळणी शिडीसारखी असते, अनेक आडव्या पट्ट्या. पर्सिमन, शिसम, हेदू, तिघांत एकेरी छिद्र. म्हणजे विरघळवलेल्या कपचीतून डॉगवुड आहे की नाही ते दोन दिवसांत निकालात निघेल.

मग धोट्याच्या अंगावर स्पर्शीय बाजू शोधा, म्हणजे जिथे वर्षवलयांच्या रेषा रुंद, पसरट दिसतात ती. तिथे थोडं पाणी लावा आणि दहापट भिंगाने बघा. पर्सिमनमध्ये किरणपेशींचे (लेसरचा किरण नव्हे, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशी) गट एका ओळीत, मजल्यावर मजले चढवल्यासारखे असतात. त्यामुळे अंगावर अगदी बारीक आडव्या लहरी दिसतात, वाळूवरच्या पाण्याच्या रेषांसारख्या. पण जपून! शिसमातही अशा लहरी असतात. फरक आडव्या छेदात. शिसमात वाहिन्या मोठ्या आणि मृदूतक, म्हणजे पातळ भिंतींच्या मऊ पेशी, वाहिनीभोवती पंखांसारखं पसरलेलं. पर्सिमनमध्ये मृदूतकाच्या केसाएवढ्या आडव्या रेषा, जाळीसारख्या. आणि त्यासाठीच तुम्हाला तो न चिरडलेला गव्हाएवढा पृष्ठभाग हवा आहे. प्रश्न तुम्ही बरोबरच विचारला होतात.

शेंगाचटणी (सोमवार, सकाळी ६:५०)

दहापट भिंग लागतं म्हणजे सोनाराकडचं चालेल का? मेहुण्याकडे आहे. आमच्या जुन्या पाटाला काय लाकूड आहे बघतो.

काष्ठपेशी (सोमवार, सकाळी ७:१५)

उत्तम चालेल. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि लाकूड जवळ आणायचं, उलटं नाही.

निळा_ठसा (सोमवार, दुपारी २:२०)

चिंचोळी एमआयडीसीत माझ्याकडे ३५५ नॅनोमीटरचा अतिनील मार्किंग लेसर आहे, प्लास्टिकच्या भागांवर बॅच नंबर टाकायला. लहरलांबी यांच्या हिशेबाने ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. काठावर! कालचा धागा वाचून आज जेवणाच्या सुट्टीत सागाच्या एका ढलपीवर करून बघितलं. ढलपी आधी ब्लेडने तासली, मग कमीत कमी ताकद आणि जास्तीत जास्त वेग ठेवून एकाच जागी फिरवत गेलो. पाच फेऱ्यांत काही नाही. वीस फेऱ्यांनंतर वाहिन्यांची तोंडं मोकळी झाली, मोबाईलच्या भिंगातून स्पष्ट दिसतात. चाळीसनंतर कडा बदामी पडायला लागल्या. फोटो टाकलाय.

लहरलांबी (सोमवार, दुपारी ३:०५)

फार छान फोटो. ३५५ ला लिग्निन शोषतं, पण २८० इतकं नाही, त्यामुळे किरण जरा खोल जातो आणि उष्णतेचा वाटा राहतोच. दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडी उसंत दिलीत तर बदामीपणा कमी होईल. आणि कृपा करून ३५५ साठीचाच संरक्षक चष्मा वापरा. दुकानात मिळणारा हिरवा किंवा लाल चष्मा दुसऱ्या तरंगलांबीचा असतो, तो घालून माणूस निर्धास्त होतो आणि डोळा जातो.

निळा_ठसा (सोमवार, दुपारी ३:१२)

यंत्र पूर्ण बंद पेटीतलं आहे, दार उघडलं की किरण बंद. तरी चष्मा घालतो. धोटेवाला सर, गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. धोटा घेऊन या. आधी दुसऱ्या कठीण लाकडावर सराव करू, मगच त्याला हात लावू.

पातळथर (सोमवार, रात्री ९:००)

जाण्याआधी एक करा सर. धोट्यावर वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असणार. जी जागा उघडायची तिथे कापसाने अल्कोहोल लावून पुसून घ्या, पूर्ण वाळू द्या. तेल असलं तर ते आधी जळतं आणि सगळं काळं पडतं. जागा आतली निवडा, कांडी बसते त्या खोबणीच्या टोकाशी. तिथे लाकूड आडवं कापलेलंच असतं, तासावं थोडंच लागेल आणि बाहेरून दिसणारही नाही.

पूर्वभाग (सोमवार, रात्री ९:२०)

ही जागा मला सुचायला हवी होती! बरोब्बर.

धोटेवाला (पुढचा रविवार, सकाळी ११:४५)

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी काष्ठपेशी सरांच्या सांगण्याप्रमाणे उरलेली कपची विरघळवली. दोन दिवसांनी थेंब काचपट्टीवर घेतला. वाहिनीचे घटक सुटे झाले होते, टोकाला एकच गोल छिद्र, शिडी कुठेच नाही. डॉगवुड बाद.

मग भिंग. धोट्याच्या पाठीवर पाणी लावलं, खिडकीच्या तिरक्या उजेडात धरलं, आणि लहरी दिसल्या. इतक्या बारीक आणि इतक्या सारख्या, की आधी मला ते कारखान्यातल्या रंध्याचे ओरखडे वाटले. खोबणीतून बघितलं तरी त्याच अंतराने. मुलीला दाखवल्या, ती म्हणाली, "बाबा, हे कापडासारखं दिसतंय."

गुरुवारी निळा_ठसा यांच्याकडे गेलो. आधी बाभळीच्या आणि शिसमाच्या तुकड्यांवर सराव केला. शिसमाचे पंख तिथेच दिसले, अगदी सरांनी लिहिलेत तसे. मग खोबणीच्या टोकाशी अल्कोहोलने पुसलेली, ब्लेडने हलकी तासलेली जागा, तांदळाच्या दाण्याएवढी. पाच-पाच फेऱ्या, मध्ये एक मिनिट थांबा. पंचवीस फेऱ्यांना थांबलो, कारण कड किंचित बदामी व्हायला लागली होती. सूक्ष्मदर्शकाखाली: वाहिन्या दोन-दोन, तीन-तीन अशा जोडीने, वलयाच्या सुरुवातीला मोठ्या आणि पुढे बारीक होत गेलेल्या. पंख नाहीत. आणि मध्ये केसाएवढ्या फिकट आडव्या रेषा, किरणपेशींना छेदत गेलेल्या, जाळीसारख्या. पहिल्या दिवशी ब्लेडखाली यातलं काहीच दिसलं नव्हतं. फोटो खाली जोडलेत. काष्ठपेशी सर, तुम्ही बघून सांगाल?

काष्ठपेशी (रविवार, दुपारी १:१०)

तिन्ही फोटो मोठे करून बघितले. एकेरी छिद्र, लहरी ठळक, मृदूतक जाळीसारखं, वाहिन्या अर्धवट वलयाकार. टेंभुर्णीत मृदूतकाच्या रेषा असतात, पण लहरी इतक्या ठळक दिसत नाहीत. माझं मत पर्सिमन. आत्यांना सांगा, आजोबा बरोबर होते.

बदामी कडेतही पेशींची रचना शाबूत आहे. मी या पद्धतीबद्दल साशंक होतो. आता माझ्याकडच्या एका जुन्या नमुन्यावर करून बघावंसं वाटतंय. निळा_ठसा, पुढच्या गुरुवारी येऊ का?

निळा_ठसा (रविवार, दुपारी १:३०)

सर, विचारायचं काय त्यात. जेवायलाच या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

शेंगाचटणी (रविवार, दुपारी १:३२)

मला कुणी बोलावलं का?

पूर्वभाग (रविवार, दुपारी २:०५)

मीही येतो. आजोबांच्या खड्डा मागाचा धोटा आणतो, गिरणीचा नाही, हातमागाचा. वजनाला अर्धाच आहे आणि लाकूड एकदम वेगळं दिसतं. आधी तुमच्यासारख्या लहरी आहेत का बघतो आणि रात्री इथे लिहितो.